आप्पांची जित्राबं

आई फोनवर आधी जेवणाचं विचारते आणि मग कामाचं बोलते. त्या सकाळी तिनं जेवणाचं विचारलंच नाही. "आप्पा गेलं गं," एवढंच म्हणाली. मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभी होते. वरून कुणीतरी उतरत होतं, त्यांना वाट द्यायला मी भिंतीला टेकले आणि तशीच टेकून राहिले... आप्पा अंगणात चहा पीत होते, त्यांच्या ओतकामाच्या शेडवरच्या एका माणसाला दिवसभराचं काम समजावून सांगत होते आणि बोलता बोलता थांबले. माझ्या वडिलांना, आमच्या आप्पांना, हळू बोलता यायचं नाही. पंचवीस-तीस वर्षं फौंड्रीत भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेला माणूस. ते थांबले तेव्हा आईला वाटलं, काहीतरी विसरले असतील, आठवत असतील.

त्याला आता सहा आठवडे झाले. जलदानविधीच्या दिवशी कोल्हापूरजवळ उचगावला आमच्या घरी दोन तऱ्हेची माणसं आली होती. एक म्हणजे आप्पांच्या बरोबरीचे जुने कामगार, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग असलेले. ते येणार हे माहीतच होतं. दुसरी माणसं कुणाच्या ओळखीची नव्हती. कॉलेजच्या मुली, एक रिक्षावाले, दवाखान्यातल्या एक नर्सबाई, चष्मा लावलेले एक प्राथमिक शिक्षक. सगळ्यांच्या हातात मोबाईल. माझ्या चुलत्यांनी शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कुठली पावणं म्हणायची?" मी म्हटलं, "काका, ती जित्राबवाली." त्यांना काही कळलं नाही. गर्दीत मलाही सांगता आलं नाही. आता सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आप्पांचा फौंड्रीतला विभाग बंद झाला. आप्पा मोल्डर होते. वाळूत साचा बांधायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचं नाव होतं. गावात त्यांना शामराव मोल्डर म्हणूनच ओळखत. मोल्डिंग गेलं आणि नुसते शामराव राहिले. वय पन्नाशीचं. नव्या यंत्रांवर पोरं घेतली गेली, ह्यांना कुणी बोलावलं नाही. पहिले दोन महिने ते रोज सायकल काढून कारखाने फिरले. मग सायकल भिंतीला लागली ती लागलीच. दाढी वाढली. चौकात जायचं बंद झालं, कारण चौकात लोक विचारणार, "काय शामराव, लागलं का कुठं?" आई शिवणकाम करायची. मशिनच्या आवाजाशिवाय घरात दुसरा आवाज नसायचा. मी तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते आणि घरी यायला मला नको वाटायचं, हे आज कबूल करते.

त्याच वर्षी माझे मामा आले. ते बोटीवर कामाला होते. त्यांनी माझ्यासाठी तळहाताएवढा एक खेळ आणला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, छोट्याशा काळ्यापांढऱ्या पडद्याचा. त्यात एक माणूस रानोमाळ हिंडतो, तिथले नाना तऱ्हेचे प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवतो. सगळे प्राणी मिळवले की खेळ पुरा. पण सगळा मजकूर जपानी. मी दोन दिवस बटणं दाबून पाहिली, एकही अक्षर लागेना, म्हणून परीक्षेच्या नावाखाली तो फडताळात टाकला.

एक दिवस कॉलेजातून आले तर आप्पा उंबऱ्याजवळ उजेडाला बसून तो खेळत होते. मला बघून त्यांनी तो मांडीखाली सरकवला. मीही न बघितल्यासारखं केलं. आठवड्यानं त्यांनीच विषय काढला, तो असा, की जेवताना एकदम म्हणाले, "मेलं की गं ते."

"कोण?" आई घाबरलीच.

"माजं जित्राब. एका पोरानं आडवलं, झुंज लागली, आडवं झालं. मी काय नीट बगितलं न्हाय त्येच्याकडं."

त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले. एका खेळातल्या ठिपक्यांच्या प्राण्यासाठी माणूस जेवण टाकतो, ह्याचं मला हसू आलं होतं. हसू आलं होतं, कारण ते जेवण कशासाठी टाकलं हे मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र आप्पांची हाक तिसऱ्या घरापर्यंत गेली. "अगं, उठलं की ते! उठलं!" खेळात गावोगावी एक घर असतं. हरलेला प्राणी तिथं नेला की तो पुन्हा ताजातवाना होतो. आप्पा चुकून त्या घरात शिरले होते. आईनं मशीन थांबवलं. तिला वाटलं, नोकरीचं पत्र आलं. आप्पा तिला पडदा दाखवत सांगत होते, "हे बग. हरलं म्हंजे मरत न्हाय. दमतंय. जरा इसावा द्यायचा, बास." आई म्हणाली, "बरं," आणि पुन्हा शिवायला लागली. पण त्या संध्याकाळी आप्पांनी दाढी केली.

त्यानंतर त्यांनी एक दोनशेपानी वही घातली. जपानी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण मोल्डरला आकार ओळखायची, तोही उलटासुलटा ओळखायची सवय असते. प्रत्येक शब्दाचं चित्र ते जसंच्या तसं काढत आणि समोर लिहीत, 'हे दाबलं की पळून जातंय', 'हे दाबलं की औषध', 'हे दाबू नये'. सहा महिन्यांत त्यांनी तो परका खेळ आरपार वाचला. भाषा न शिकता! प्राण्यांनाही त्यांनी आपली नावं दिली होती. आणि मधूनच अशी काही वाक्यं, जी खेळाबद्दल होती की कशाबद्दल, मला अजून ठरवता येत नाही. 'सगळी बरोबर न्हेता येत न्हाईत. मोजकीच घ्यावी. बाकीची घरात सुखरूप असत्यात.' 'ताकदवाल्याला फुडं पाठवलं की बारकी वाढत न्हाईत.' 'गवतात गेल्याबिगर घावत न्हाय.' हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर त्यांनी सायकलच्या चाकात हवा भरून आणली, एवढं मला पक्कं आठवतं.

मग खेळ अडला. वहीतल्या यादीत काही जागा रिकाम्या राहिल्या आणि आप्पांनी कोपरा न् कोपरा शोधला तरी ते प्राणी मिळेनात. मी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसून शोधलं आणि घरी येऊन त्यांना सांगितलं. हा खेळ करणाऱ्यांनी मुद्दामच तो दोन रूपांत काढला आहे. एकात जे प्राणी आहेत त्यातले काही दुसऱ्यात नाहीत. शिवाय काही प्राणी असे, की ते आपल्याजवळ ठेवून कितीही वाढवले तरी मोठे होत नाहीत. दुसऱ्याला देऊन टाकले तरच त्यांचं रूप पालटतं.

आप्पांनी वहीतल्या रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं. "म्हंजे एकट्याला हे जमणारच न्हाय?"

"नाही."

"केलाच हाय तसा?"

"मुद्दाम केलाय."

"लई शाना माणूस असणार," आप्पा म्हणाले. "मग दुसरा बघितला पायजे."

दुसरा कुठून आणायचा? सगळ्या कोल्हापुरात हा खेळ कुणाकडे असेल असं मला वाटत नव्हतं. कॅफेच्या मालकांना मी सांगून ठेवलं होतं. महिन्याभरानं ते म्हणाले, पेठ वडगावच्या एक बाई येऊन हेच विचारत होत्या. तिथल्या एका मोठ्या आडत दुकानदारांच्या सूनबाई, वैशालीवहिनी. त्यांच्या भावानं परदेशातून आणून दिलेला, दुसऱ्या रूपाचा.

पत्ता मिळाला आणि आप्पा दोन आठवडे टाळाटाळ करत राहिले. आज पाऊस आहे, आज सायकल पंक्चर आहे. शेवटी आईनं कारण काढून घेतलं. लहानपणी आप्पा त्यांच्या आईबरोबर अशाच एका दुकानी मजुरीला जात. तिथं पाणी वरून ओंजळीत घालत. "तवाचं तवा झालं," आई म्हणाली. "आता जावा तुमी. सरळ पुढच्या दारानं जावा." आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खेळ रुमालात गुंडाळला आणि आम्ही दोघं एसटीनं वडगावला गेलो.

दुकानाच्या गादीवर वैशालीवहिनींचे सासरे बसले होते, बाबूरावअण्णा. भरदार मिशा, समोर गुळाचे रवे. "काय काम काढलं, पावणं?"

आप्पांनी रुमालाची गाठ घट्ट धरली होती. पण बोलले ते नेहमीच्या आवाजात, त्यामुळे सगळ्या दुकानानं ऐकलं. "जित्राबाची अदलाबदल कराय आलोय."

अण्णा सरसावून बसले. "म्हस हाय का बैल?"

"तसं न्हवं. ह्यात हाय." आप्पांनी रुमाल सोडला.

अण्णा त्या डबीकडे बघत राहिले. मग आत तोंड करून ओरडले, "सूनबाई! आगं तुज्यासारकंच याड लागलेला आनी एक माणूस आलाय बग!"

वैशालीवहिनी पदराला हात पुसत जवळजवळ धावतच आल्या. आम्हाला त्या माजघरात घेऊन गेल्या. तिथं दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये दोन्ही खेळ जोडणारी, वहिनींच्या खेळाबरोबर आलेली हातभर वायर, एका टोकाला पन्नाशीचा मोल्डर आणि दुसऱ्या टोकाला आडत दुकानदारांची सून. आप्पांनी आपला सगळ्यात चांगला प्राणी द्यायला काढला. मी हळूच म्हटलं, "आप्पा, तो द्यायचा? त्या परत देतील की नाही..." आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारकं देऊन चांगलं कसं मागायचं गं?" त्यांनी बटण दाबलं. त्यांचा प्राणी वायरीतून पलीकडे गेला, वहिनींच्या पडद्यावर थरथरला आणि दुप्पट मोठा होऊन उभा राहिला. वहिनी ओरडल्या, "काका, बघा!" त्यांनी पडदा आप्पांसमोर धरला. आणि लगेच, न सांगता, तो परत पाठवला. तोच, पण मोठा झालेला. आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. चहा आला, सगळ्यांना एकाच तऱ्हेच्या कपांत. हे मी बघून ठेवलं होतं. आप्पांनीही बघितलं असणार.

चहाला अण्णा आत येऊन बसले. आप्पांच्या हातांवरचे डाग बघून त्यांनी विचारलं, "फौंड्रीतलं काय?" मग त्यांच्या गुऱ्हाळाच्या घाण्याचं बोलणं निघालं. घाण्याचा एक भाग फुटला होता, तसा जुन्या मापाचा आता कुणी ओतून देत नव्हतं, नवीन घाणा घ्या म्हणत होते. आप्पा म्हणाले, "दाखवा." तो तुकडा त्यांनी हातात घेतला, फिरवला, अंगठ्यानं चाचपला. चौदा महिन्यांनी त्यांच्या हातात लोखंड आलं होतं. "मी करून देतो की," म्हणाले.

त्यांनी तो करून दिला. एका ओळखीच्या भट्टीवर जागा मागून, साचा स्वतः बांधून. तो अण्णांच्या घाण्यावर चपखल बसला आणि मग वडगाव, हातकणंगले, शिरोळकडची गुऱ्हाळं आप्पांना विचारत यायला लागली. जुन्या यंत्रांचे, कुठंच न मिळणारे भाग ओतून देणारा माणूस. दोन वर्षांत उचगावच्या कडेला आप्पांची स्वतःची पत्र्याची शेड उभी राहिली. तिथं त्यांनी पहिली चार माणसं घेतली ती त्यांच्याबरोबर घरी बसलेलीच. त्यांतल्या एकानं काम मागताना मान खाली घातली होती, तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "दमलातास, झालं. ये उद्यापासनं."

मी डिप्लोमा करून राजारामपुरीतल्या एका लहान कंपनीत लागले. तिथं दुकानांची बिलं करायचे प्रोग्रॅम लिहीत होते. बटणांच्या मोबाईलवर खेळ चालायला लागले तेव्हा मी मालकांना म्हटलं, आपण आपला प्राण्यांचा खेळ करू, मराठीत. त्या फोनांना मराठी अक्षरं येत नव्हती. मी प्रत्येक अक्षर चित्र म्हणून काढलं. खेळाचं नाव आप्पांच्या तोंडचंच ठेवलं, 'जित्राब'. प्राणी मी आणि आप्पांनी मिळून रचले. रंकाळ्याच्या पाण्यातले, उसातले, भट्टीतले. सुरुवातीला खेळणाऱ्याला मिळणारा पहिला प्राणी चिपाडू. पिळून काढलेल्या उसाच्या चिपाडासारखा, वाळका, कुणाच्याही फुंकरीनं पडणारा. मी आप्पांना म्हटलं, इतका दुबळा कोण घेईल? ते म्हणाले, "चिपाड फेकून देत्यात व्हय? त्येच्या जाळावर तर गूळ शिजतोय." म्हणून चिपाडू दुसऱ्याला दिला की त्याचा जाळव्या होतो, अख्ख्या खेळातला सगळ्यात तेजस्वी प्राणी. आणि तो स्वतःजवळ ठेवला तर कधीच होत नाही.

खेळ निम्मा झाला आणि बाहेरून एक मोठी कंपनी तो विकत घ्यायला आली. त्यांच्या साहेबांना सगळं आवडलं. एकच बदल हवा होता. हरलेला प्राणी कायमचा नाहीसा झाला पाहिजे. त्याशिवाय थरार नाही, लोक पुन्हा पुन्हा खेळणार नाहीत. आमचे मालक माझ्याकडे बघत होते. एवढी मोठी संधी आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात पुन्हा येणार नव्हती.  आप्पा त्या दिवशी शहरात आले होते आणि माझा डबा द्यायला दारात उभे होते. त्यांना राहवलं नाही.

"सायेब, तुमी कवा घरी बसलाय?"

"म्हणजे?"

"काम गेलं म्हणून. चौदा म्हैनं. मी बसलोतो. तवा असल्याच एका खेळानं मला सांगितलं, पडलंय ते उठतंय. तुमच्या खेळानं पोरास्नी काय सांगायचं? पडला की संपला?"

साहेब शांतपणे म्हणाले, "आजोबा, हा धंदा आहे."

"मग माज्या पोरीचा खेळ धंद्यात घालू नका," आप्पा म्हणाले आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेले.

साहेबही गेले. मला वाटलं, आता नोकरीही जाईल. पण आमचे मालक चांगले निघाले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पूर्ण कर. तुझ्या पद्धतीनं." आम्ही 'जित्राब' फुकट सोडला. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, ब्लूटूथनं. पहिले पंधरा दिवस काहीच हालचाल नाही. मग एका संध्याकाळी मी राजारामपुरीच्या क्लासच्या गल्लीतून चालत होते आणि कानावर आलं, "ए, तुझा चिपाडू दे की, मी चिखल्या देतो!" मी थांबले. कोपऱ्यावर सात-आठ मुलं-मुली फोनाला फोन लावून उभी होती. पुढच्या कोपऱ्यावर आणखी तितकीच. रिक्षा स्टॉपवर दोन रिक्षावाले. मी तिथूनच आप्पांना फोन लावला आणि फोन हवेत धरला, त्यांना तो कालवा ऐकू यावा म्हणून.

पुढची कल्पना त्यांचीच. "जित्राब हाय तर बाजार नको व्हय?" एका रविवारी सकाळी उचगावच्या शाळेच्या पटांगणावर जित्राबांचा बाजार भरला. आम्ही पन्नास माणसं धरली होती. पटांगण पुरलं नाही. कागल, जयसिंगपूर, गडहिंग्लज, कुठून कुठून लोक आले. आप्पा एका टेबलावर उभे राहून, भोंग्याशिवाय, जोड्या लावत होते. "कुणाला भट्टोबा पायजे? त्या निळ्या ओढणीवाल्या पोरीकडं हाय! लाजू नगंस, जा, माग!" वडगावहून वैशालीवहिनी आल्या होत्या. बरोबर अण्णा, काठी टेकत, त्यांच्याही हातात फोन. दुपारच्या सुमाराला वहिनींना एकच प्राणी कमी होता, जाळव्या. आप्पांनी आपल्याजवळचा चिपाडू त्यांना दिला. पडद्यावर तो पेटला आणि वहिनींची यादी पुरी झाली, सगळ्या कोल्हापुरात पहिली. शेडवरचे आप्पांचे गडी हलगी घेऊनच बसले होते. हलगी कडाडली, गुलाल उडाला, वहिनींनी आप्पांना वाकून नमस्कार केला आणि बाबूरावअण्णांनी त्यांना मिठी मारली. आप्पा गुलालानं लाल झाले होते आणि लहान मुलासारखे ओरडत होते. त्यांना मी त्याआधी आणि त्यानंतरही इतकं उंच झालेलं पाहिलं नाही.

त्या बाजाराच्या बातम्या झाल्या आणि तेच साहेब परत आले. ह्या वेळी त्यांनी खेळ घेतला तो आमच्या नियमासकट. करारात तसं वाक्य मी घालायला लावलं. त्याच कामामुळे मी पुण्याला गेले. आप्पा मात्र उचगावातच राहिले. दिवसा शेड आणि संध्याकाळी अंगणात अदलाबदलीला येणारी माणसं. कोण कुठला, हे ते आधी विचारत नसत. आधी "काय आणलंय?" आणि चहा झाल्यावर गाव.

गेल्या आठवड्यात मी घरी होते. दुपारी दारात एक गृहस्थ आले. निपाणीहून, एसटी वर्कशॉपात मेकॅनिक. "शामरावआप्पा हितंच ऱ्हात्यात न्हवं?" त्यांना माहीत नव्हतं. आईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. त्यांनी हातातला फोन खिशात टाकला. "मावशी, माफ करा... मी निघतो."

"बसा म्हणते न्हवं," आई म्हणाली.

ती आत गेली आणि आप्पांचा फोन घेऊन आली. तो चार्ज केलेला होता. मी तिच्याकडे बघितलं. मला म्हणाली, "रोज सकाळी लावते." तिनं चष्मा चढवला, एकेक बटण सावकाश दाबलं आणि पाहुण्यांच्या फोनाशेजारी तो फोन धरला. तिनं हा खेळ कधी हातात घेतलेला मी पाहिला नव्हता. मी मदतीला पुढे झाले तर तिनं कोपरानं मला मागे सारलं. आप्पांचा एक प्राणी गेला. तिकडून एक आला, पाण्याच्या थेंबाएवढा, नुकताच सापडलेला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"नाव काय म्हणायचं ह्येचं?"

"पाणकोंबू," ते गृहस्थ म्हणाले. "बारका हाय अजून."

"हुईल मोठा," आई म्हणाली. मग तिनं त्यांना चहा दिला, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. ते चपला घालायला लागले तेव्हा दारापर्यंत गेली आणि, आमच्या घरात आजवर एकाच माणसाचा होता तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "या परत! आनी तुमच्या निपाणीत सांगा, उचगावचा बाजार चालू हाय!"